दोघं मिळून एक शिकलेला माणूस

त्या माणसानं ती गोष्ट मला आपणहून सांगितली नव्हती. मी ती त्याच्याकडून काढून घेतली. एवढं साधं वाक्य स्वतःशी कबूल करायला मला बराच काळ लागला, म्हणून ते आधीच लिहून टाकते.

दोह्यात मी एका लहान एजन्सीत काम करते. कंपन्यांची ओळख लोकांपर्यंत पोचवायची, हे आमचं काम. माहितीपत्रकं, वेबसाइट, छोट्या फिल्म. त्यातला शब्दांचा भाग माझा. नाशिकला गेले की आईच्या मैत्रिणी विचारायच्या, "म्हणजे नक्की काय करतेस गं तिकडे?" मी सांगायचे, "कंपन्यांना माणसासारखं बोलायला शिकवते." हे वाक्य मला फार आवडायचं. समोरच्या बायका हसायच्या आणि मला उगाच आपण हुशार असल्यासारखं वाटायचं. हल्ली मी "जाहिरातीचं लिहिते" एवढंच सांगते.

तेव्हा आमच्याकडे एक नवी कंपनी आली होती. हमद पोर्टवर जहाजांच्या कामाला माणसं पुरवणारी. त्यांच्या आधीच्या माहितीपत्रकात निळं आकाश, निळ्या क्रेन आणि हेल्मेट घातलेले, पाठमोरे लोक. कंपनीच्या वतीनं बोलायला आलेली बाई जॉर्डनची होती, हुशार आणि घाईतली. ती म्हणाली, "आम्ही यंत्रासारखे दिसतो. आम्हाला माणूस म्हणून दिसायचंय." मी लगेच म्हटलं, "मग तुमच्या माणसांना बोलू द्या." टेबलाभोवतीचे सगळे माझ्याकडे वळले. माझ्या बॉसनं नुसती मान हलवली, पण ती मान हलवणं मला ओळखीचं होतं. काम आपल्याला मिळालं होतं.

फेब्रुवारीत, हवा जरा बरी असताना, आम्ही कामगारांच्या कॅम्पमधल्या जेवणाच्या हॉलमध्ये कॅमेरा लावला. कॅमेरामन फिलिपिनो होता. एकेक माणूस समोरच्या खुर्चीत येऊन बसायचा, हात गुडघ्यांवर ठेवायचा आणि हिंदीत सांगायचा, "कंपनी अच्छी है मॅडम. खाना अच्छा है." दहा-बारा जण झाले. कुणीच चुकीचं काही बोललं नाही आणि कुणीच काही बोललं नाही. मला घाम फुटायला लागला होता, कारण माणसांना बोलू द्या असं मीच मोठ्या तोंडानं सांगून बसले होते.

मग तो आला. चाळिशीचा, काळासावळा, केस नीट विंचरलेले. तो हिंदीत दोन वाक्यं बोलला आणि माझे कान टवकारले. "तुम्ही कुठले, दादा?" मी मराठीत विचारलं.

त्याचा चेहराच बदलला. "लातूरकडचा की, ताई. तुम्ही?"

"आम्ही नाशिकचे. पण आमचे पाहुणे आहेत लातूरला," मी म्हटलं. खरं तर माझ्या दिराची तिकडे दोन वर्षं बदली झाली होती, एवढाच आमचा लातूरशी संबंध. पण तो खुर्चीत पुढे सरकून बसला. माझं खोटं लगेच कामी आलं.

त्याचं काम लॅशिंगचं होतं. जहाजावर कंटेनरचे डबे एकावर एक चढवतात, ते लोखंडी सळ्यांनी आवळून बांधायचे आणि उतरवायच्या वेळी सोडायचे. त्याची बोटं जाड आणि सांध्यांपाशी चिरलेली होती. कामाचंही तो ठरावीकच सांगत होता. मी वही मिटली आणि बाजूला ठेवली. "झालं, दादा. आता सहज बोलू," मी म्हटलं. वही मिटल्यावर त्याला वाटलं, संपलं. कॅमेऱ्याचा लाल दिवा चालूच होता. कॅमेरामननं माझ्याकडे पाहिलं, बंद करू का म्हणून. मी मान हलवून नको म्हटलं.

त्यानंतर तो खरंच बोलायला लागला. एवढ्या हजारो डब्यांतून आपला डबा कसा ओळखता, असं मी विचारलं होतं. तो हसला. "आकडे येतात मला. अक्षरं न्हाई येत." लहानपणी आईबाप दसरा झाला की ऊसतोडीला जायचे, ते उन्हाळ्यात परत यायचे. त्यांच्याबरोबर तोही जायचा. शाळा दुसरीतच सुटली. "पण डब्यावरची अक्षरं मी चित्रावानी लक्षात ठिवलीत. एक शिडी हाय. एक गलोल हाय. एक दोन डोंगरांचं हाय. आन समद्या डब्यांच्या शेवटाला घोड्याचा नाल असतोच बघा. कामून ते ठाऊक न्हाई, पर असतोय."

मी नंतर पाहिलं. खरंच, प्रत्येक कंटेनरवरच्या चार अक्षरांतलं शेवटचं अक्षर इंग्रजी यू असतं. रोज पोर्टची चित्रं बघणाऱ्या आम्हा कुणाच्या ते लक्षात आलं नव्हतं.

"आणि घरी? मेसेज वगैरे?" मी विचारलं. मला माहीत होतं मी काय विचारते आहे.

त्यानं चिरलेली बोटं चोळली. मग म्हणाला, पोरगी नववीला आहे. रोज त्याला लिहून पाठवते. शाळेतलं, घरातलं, आईशी झालेलं भांडण, गणिताची भीती, सगळं. तो तिला बोलून उत्तर पाठवतो. तिला सांगितलंय, माझी बोटं कामानं फुटलेली असतात, मला टाइप करता येत नाही, पण तू मात्र लिहूनच पाठव, मला वाचायला आवडतं. आणि ते मेसेज वाचतो त्याच्या खोलीतला नेपाळी सोबती. नेपाळीही आपल्यासारखीच लिहितात, त्यामुळे त्याला अक्षरं येतात, पण मराठी कळत नाही. तो एकेक शब्द मोठ्यानं वाचतो आणि हा ऐकतो.

"त्याला कळत न्हाई, मला वाचाय येत न्हाई," तो म्हणाला. "दोघं मिळून एक शिकलेला माणूस."

माझ्या अंगावर काटा आला. तो काटा खरा होता, हे मला अजूनही वाटतं. पण त्याच क्षणी माझ्या डोक्यात फिल्मचं शेवटचं वाक्य तयार झालं होतं, हेही तितकंच खरं.

उठताना त्याचं लक्ष कॅमेऱ्याकडे गेलं. "ताई, हे समदं आलं का त्यात?"

"थोडं आलं असेल."

"पोरीला ठाऊक न्हाई हां. तिला वाटतंय बाप वाचतोय. कुठं बोलू नका."

"नाही हो, दादा. हे कंपनीसाठी आहे. गावाकडं कोण बघणार आहे?" मी म्हटलं, आणि त्याच्यासमोर परवानगीचा फॉर्म सरकवला. फॉर्म इंग्रजीत होता. आपल्याला वाचता येत नाही हे त्यानं पाच मिनिटांपूर्वी मला सांगितलं होतं. कुठे सही करायची ते मी बोट ठेवून दाखवलं. त्यानं चित्र काढावं तशी सावकाश सही काढली आणि माझ्याकडे पाहून हसला. सही सुंदर होती.

फिल्म तीन मिनिटांची झाली. आवाज त्याचाच, मराठीतला, खाली इंग्रजी अक्षरं, आणि मध्ये दोन क्षण त्या नेपाळी सोबत्याचा चेहरा, त्याच दिवशी हॉलमध्ये टिपलेला. एडिटरनं विचारलं, "हा मुलीचा भाग ठेवायचा? क्लिअर आहे ना?" मी म्हटलं, "फॉर्म आहे." मी खोटं बोलले नव्हते, याचं तेव्हा मला समाधान वाटलं.

अल अझीझियात आमचं घर आहे. तिथे मी ती फिल्म नवऱ्याला आणि मुलीला दाखवली. नवऱ्यानं चष्मा काढून पुसला. माझी मुलगी तेव्हा चौदा वर्षांची, म्हणजे त्याच्या मुलीच्याच वयाची. तिला मराठी समजतं, पण ती उत्तर इंग्रजीतच देते. तिनं विचारलं, त्याच्या मुलीला हे माहीत आहे का? मी म्हटलं, "असेल गं." ती माझ्याकडे बघत राहिली. मी भांडी आवरायला उठले. माझ्या मुलीला देवनागरी वाचता येत नाही. तिच्या आजीनं पाठवलेली पत्रं मीच तिला वाचून दाखवते, आणि त्याची आम्हाला कधी लाज वाटली नाही. हे माझ्या लक्षात यायला मात्र पुढे बरेच दिवस गेले.

कंपनीला फिल्म दाखवली तेव्हा ती जॉर्डनची बाई रडली. उठून तिनं मला मिठी मारली. "हेच हवं होतं. हेच आम्ही आहोत," ती म्हणाली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी खाली बघितलं, आणि लोकांना तो विनय वाटला.

फिल्म कंपनीच्या पानावर गेली. तिथून ती कुणीतरी उचलली. मराठी आवाज असल्यामुळे मराठी माणसांनी ती उचलली, पुढे पाठवली, खाली हृदयं आणि नमस्कार टाकले. 'आपला माणूस कतारमध्ये' असं कुणीतरी त्यावर लिहिलं. इथल्या मराठी मंडळातल्या एका बाईनं मला फोन करून सांगितलं की तिच्या सासूबाईंनी ती तीनदा पाहिली. मी सगळ्यांना धन्यवाद म्हणत होते. गावाकडं कोण बघणार आहे, हे माझं वाक्य मला आठवत होतं. ते आठवलं की मी फोन उलटा करून ठेवायचे.

मग त्याचा मेसेज आला. त्याच्याकडे माझा नंबर होता, मीच दिला होता, काही लागलं तर सांगा म्हणून. आवाजाचा मेसेज, अगदी छोटा. "ताई, ते पोरीनं बघितलं." मागे कुठेतरी नळ चालू असल्याचा आवाज. बस एवढंच.

मी उत्तर दिलं नाही. एक दिवस गेला, दोन गेले, आठवडा गेला. मी स्वतःला सांगत होते की काय बोलायचं ते नीट ठरवून मग फोन करीन. शब्द हाच माझा धंदा, आणि त्याला पाठवायला मला एक वाक्य सुचत नव्हतं. खरं म्हणजे सुचत होतं. ते पाठवायची हिंमत नव्हती. नवव्या दिवशी मी फोन केला आणि शुक्रवारी भेटू का, असं विचारलं. तो म्हणाला, "एशियन टाउनला या."

शुक्रवारी, कामगारांच्या सुट्टीच्या दिवशी, दुपारी तिथल्या बाजारात पाय ठेवायला जागा नसते. इतके पुरुष, आणि बाई जवळजवळ मी एकटीच. तो एका चहाच्या दुकानाबाहेर उभा होता. इस्त्रीचा शर्ट घालून आला होता. मला बघून त्यानं आतून एक खुर्ची आणली, ती पुसली, आणि दोन करक चहा सांगितले. मी पैसे द्यायला पर्स उघडली तर म्हणाला, "असू द्या, मॅडम."

मॅडम. मी ते ऐकलं.

"दादा, मला माफ करा," मी म्हटलं. रस्त्यात ठरवलेलं सगळं विसरले होते. "माझ्याकडून चूक झाली."

तो चहाच्या कपाकडे बघत होता. मग त्यानं सांगितलं. गावातल्या शाळेत एका सरांनी ती फिल्म कौतुकानं वर्गात दाखवली. बघा, आपल्या गावचा माणूस कुठं पोचला. मुलांनी टाळ्या वाजवल्या. मग मागच्या बाकावरून कुणीतरी तिला विचारलं, तुझे मेसेज तो नेपाळी वाचतो होय गं?

"घरी येऊन काय बोलली न्हाई. रडली बी न्हाई, तिची आई म्हणायली. पर त्या दिवसापासनं लिहित न्हाई. बोलून पाठवती."

"म्हणजे अजून बोलते तुमच्याशी," मी म्हटलं. इतकं मूर्ख वाक्य मी आयुष्यात दुसरं बोलले नसेन.

"बोलती की. सावकाश बोलती, एकेक शब्द सुटा करून. जेवलात का, बाबा. काळजी घ्या, बाबा." त्यानं मान वर केली. "मी बहिरा न्हाई ओ, मॅडम."

शेजारच्या टेबलावर काही माणसं मोठमोठ्यानं हसत होती. मला रडू येत होतं आणि इथे रडणं म्हणजे त्यालाच माझी समजूत घालायला लावणं होतं, म्हणून मी गरम चहाचा मोठा घोट घेतला. जीभ भाजली.

"गणिताचं, आईचं, मैत्रिणींचं, समदं लिहायची," तो म्हणाला. "आता तिला वाटायलंय, ते समदं दुसऱ्यानं वाचलं. मी तिला सांगितलं, त्याला कळत न्हाई. तर म्हणली, पर वाचलं तर त्यानंच ना."

मी म्हटलं, मी फिल्म काढून टाकायला सांगते. त्यानं विचारलं, "समद्या फोनातनं निघतीय का?" मी म्हटलं, प्रयत्न करते. "म्हंजी न्हाई," तो म्हणाला. मी म्हटलं, तुम्हाला वाचायला शिकायचं असेल तर मी शिकवीन, दर शुक्रवारी येईन. हे बोलताना मला त्यातला उपकाराचा सूर ऐकू आला. त्यालाही आला असावा. तो नुसता हसला आणि नको म्हणून हात हलवला.

त्यानं कप टेबलावर दोनदा गोल फिरवला. शेवटी म्हणाला, "एक विचारू का, मॅडम? तुम्ही मला विचारलं असतं, हे टाकू का म्हणून, तर मी न्हाई म्हणलो असतो. म्हणूनच विचारलं न्हाई ना?"

आवाजात राग नव्हता. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं.

"हो," मी म्हटलं.

त्यानं मान हलवली. चहा संपवला, दोन्ही कप उचलून आत नेऊन ठेवले आणि मला टॅक्सीपर्यंत सोडायला आला.

मी घरी आले आणि त्या रविवारी, इथल्या कामाच्या आठवड्याच्या पहिल्या दिवशी, बॉसबरोबर कंपनीतल्या मीटिंगला गेले. मला वाटत होतं मी आत शिरल्याबरोबर सगळं सांगून टाकीन. प्रत्यक्षात मी म्हटलं, "त्या कुटुंबाची थोडी अडचण झाली आहे." जॉर्डनच्या बाईनं कपाळाला आठ्या घातल्या. "पण त्यानं सही केली आहे." मी म्हटलं, हो. माझा बॉस म्हणाला, "मग यल्ला, पुढे जाऊ." आणि खरोखर पुढचा विषय सुरू झाला. चार-पाच मिनिटं मी त्यांचं बोलणं ऐकत, हातातलं पेन उघडत-मिटत बसले होते. मग मध्येच बोलले. त्याला तो फॉर्म वाचता येत नव्हता. हे मला माहीत होतं. कॅमेरा चालू आहे हे त्याला माहीत नव्हतं, आणि तो चालू ठेवायला मीच सांगितलं होतं. मुलीला कळू देऊ नका, असं तो मला म्हणाला होता.

बॉस माझ्याकडे असा बघत होता की जणू मी टेबलावर उलटी केली आहे. ती बाई माझ्याकडे वळली. मग हळू आवाजात म्हणाली, "हे तू मला त्या दिवशी का नाही सांगितलंस? मी तुला मिठी मारली होती." तिनं त्याच संध्याकाळी फिल्म उतरवली. आमचं पुढचं काम तिनं दुसऱ्यांना दिलं. तिनं योग्यच केलं. बॉस माझ्याशी महिनाभर कामापुरतंच बोलत होता. पुढे तेही निवळलं, इथे सगळंच निवळतं. फिल्म अर्थात कुठे ना कुठे आहेच. अजूनही ओळखीचं कुणीतरी मला ती पाठवतं आणि खाली लिहितं, बघ किती छान.

गेल्या हिवाळ्यात दुसऱ्या एका कामासाठी मी पोर्टकडे गेले होते. तिथे एक माणूस मला बघून थांबला. नेपाळी. फिल्ममध्ये तो दोन क्षण दिसला होता, त्यामुळे मी ओळखलं. त्यानं हिंदीत सांगितलं की त्याचा लातूरचा सोबती सुट्टीवर घरी गेला होता, महिनाभर राहून आला. तिथे काय झालं ते त्याला माहीत नव्हतं. पण आल्यानंतर मुलगी पुन्हा लिहायला लागली आहे. आता सुरुवातीलाच 'काका' म्हणून या नेपाळी सोबत्यासाठी एक ओळ असते. त्यानं खिशातून फोन काढला. तिचे मेसेज आता याच्याच फोनवर येतात, असं तो म्हणाला. काका हा शब्द त्याला कळत होता, पुढचं कळत नव्हतं.

"दीदी, इसमें मेरे लिए क्या लिखा है? वो बताता नहीं, बस हँसता है," असं म्हणत त्यानं फोन माझ्यापुढे धरला.

मजकूर लांब होता. मला वाचायचं होतं. किती वाचायचं होतं ते सांगायलाही लाज वाटते. एका नजरेत सगळं कळलं असतं: तिनं बापाला माफ केलं का, ती रागावली आहे का, माझ्याविषयी काही लिहिलंय का. मी मान वळवली आणि म्हटलं, "उसी से पूछिए, भैया."

त्याला ते विचित्र वाटलं. मराठी बाई, आणि मराठी वाचून दाखवत नाही. त्यानं फोन खिशात घातला, ठीक आहे म्हणाला आणि बसकडे गेला. मीही माझ्या कामाला लागले.

काम अजून तेच करते. आता फॉर्म माणसाच्या भाषेत आधी वाचून दाखवते, कॅमेरा बंद असतानाच. तयार झालेलं त्याला दाखवते आणि नको म्हणाला तर काढते. बरेच जण नको म्हणतात. फिल्म जरा फिक्या होतात आणि मीटिंगमध्ये कुणी रडत नाही. यानं काही भरून आलं असं मात्र मी म्हणणार नाही. त्या माणसानं मला परत कधी फोन केला नाही, आणि मीही केला नाही. मी फोन केला तर त्याला तो शिष्टाचार म्हणून उचलावा लागेल, खुर्ची पुसून द्यावी तसा. तेवढं तरी मी त्याच्याकडून आता घेत नाही.